व्हीटी ते वडाळा: हार्बरची आठ स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी उतरून

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला स्टेशनं दिसायला लागली. त्याआधी एकतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी केलं, पण स्टेशन म्हणजे लेडीज डबा कुठे येतो आणि पुलाचा जिना कुठल्या टोकाला आहे, एवढंच डोक्यात असायचं. आता जिना चढायच्या आधी कठडा कुठल्या बाजूला आहे ते बघते. बाकडं दिसलं की बरं वाटतं. पुढच्या स्टेशनला सावली असेल का, याचा विचार घरून निघतानाच करते.

म्हणून ठरवलं, एक दिवस काढायचा आणि मुंबईच्या हार्बर लोकलच्या सुरुवातीच्या आठही स्टेशनांवर उतरायचं. व्हीटी, मस्जिद, सॅन्डहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा. मेन लाइनवाल्यांना हा पट्टा परका असतो. भायखळा-परळ-दादर तोंडपाठ, पण रे रोडला कोण उतरतं, असं विचारतात. माझं बालपण याच पट्ट्यातल्या काळाचौकीत गेलं. त्यामुळे मला तो प्रश्न लागतो.

बरोबर नात होती, चौथीतली. तिच्याकडे वही. प्रत्येक स्टेशनला दहापैकी गुण द्यायचे आणि ते आजीनं नाही, दोघींनी मिळून ठरवायचे, ही तिची अट.

आधी कामाच्या दोन गोष्टी. रविवारी जाऊ नका. हार्बरवर रविवारी मेगाब्लॉक असला की ऐन दुपारच्या गाड्या बंद असतात आणि तुम्ही मधल्याच एखाद्या स्टेशनवर अडकून पडाल. आम्ही शनिवारी गेलो, साडेदहानंतर, गर्दी उतरल्यावर. दुसरं म्हणजे तिकीट. वडाळ्याचं साधं तिकीट काढून वाटेत उतरत गेलात तर ते नियमात बसत नाही, लोकलच्या तिकिटावर प्रवास मध्ये तोडता येत नाही. खिडकीवर एका दिवसाचं टुरिस्ट तिकीट मागा. ते तिन्ही लाइनींवर चालतं, हवं तितक्यांदा चढा-उतरा. मी एवढी वर्षं पास काढला, पण हे तिकीट पहिल्यांदाच हातात घेतलं.

व्हीटीबद्दल फार लिहीत नाही, पुष्कळांनी लिहिलंय. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केला, १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव गेलं. नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे आणि ते लिहिताना मला अभिमान वाटतो, पण तोंडात एकतीस वर्षांची सवय बसली आहे. एकच सांगते. तिकीटघराच्या हॉलमध्ये पाच मिनिटं भिंतीला टेकून उभ्या राहा आणि मान वर करा. मी रोज त्याच हॉलमधून जायचे आणि छत कधी पाहिलं नव्हतं. खांबांच्या माथ्यावर पानं, वेली, प्राणी कोरलेत. या इमारतीचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. नातीला एक जनावर सापडलं आणि ते मुंगूस आहे की खार, यावर आमच्या दोन गाड्या गेल्या.

हार्बरची गाडी एक आणि दोन नंबरवरून सुटते. इथून सगळं सपाट आहे, एकही पायरी नाही, हे माझ्यासारखीला फार मोठं. शेवटचं स्टेशन असल्याने गाडी रिकामी मिळते, धावपळ न करता बसता येतं. नऊ गुण. एक कापला तो बाकड्यांसाठी. एवढ्या मोठ्या स्टेशनात म्हातारं माणूस टेकायला जागा शोधत फिरतं.

मस्जिदला उतरलो ते नावासाठी. नातीनं विचारलं, आजी, मशीद कुठंय? तिला सांगितलं की ज्या मशिदीवरून हे नाव पडलं असं सांगतात, ती मुसलमानांची नाही, ज्यूंची. आपल्या कोकणातले बेने इस्रायली लोक, घरात मराठी बोलणारे, तेलाच्या घाण्यांचा धंदा करणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायला लागले. सिनेगॉग आजही आहे, सॅम्युएल स्ट्रीटवर, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. एवढी गोष्ट एका नावात आहे आणि फलाटावर ती सांगणारी एक पाटी मला दिसली नाही. लाखो माणसं रोज त्या नावाखालून जातात. एक पाटी लावायला काय लागतं?

स्टेशन म्हणाल तर हे व्यापाऱ्यांचं आणि हमालांचं. डोक्यावर गठ्ठे, हातात सुक्या मेव्याच्या पिशव्या, मसाल्याचा वास थेट फलाटापर्यंत. वाट अरुंद आहे. दुपारी बारा ते तीन या वेळात जा म्हणजे चालता येईल. सहा गुण.

सॅन्डहर्स्ट रोडला मात्र आम्ही तासभर थांबलो.

हे दोन मजली स्टेशन आहे. खाली मेन लाइन, वर हार्बर. मेन लाइनच्या गाडीतून जाताना डोक्यावरून काहीतरी काळं सरकतं, ते वरचं स्टेशन. १९२५ मध्ये हार्बरची लाइन व्हीटीपर्यंत आणली तेव्हा या दाट वस्तीतून जमिनीवर जागाच नव्हती, म्हणून रूळ खांबांवर चढवले. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली ती याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला. पंधराशे व्होल्टचा डीसी प्रवाह होता. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. आज त्याच उंचीवरून आपण जातो आणि खिडकीतून समोरच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर दिसतं. एक बाई कुकर उतरवत होती. तिनं नातीकडे पाहून हात केला, नातीनंही केला. गाडीच्या आवाजाची त्या घरांना काय सवय झाली असेल!

खाली उतरून खांब बघा. ओतीव लोखंडाचे, आणि त्यावर उठावदार अक्षरं आहेत. जीआयपीआर (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), १९२१, ग्लासगो. म्हणजे हे खांब समुद्रावरून आले. एवढ्या वर्षांत रंगाचे इतके थर बसलेत की अक्षरांच्या कडा गोल झाल्यात, काही ठिकाणी खाचा भरून गेल्यात. नातीनं एकेक अक्षर बोटानं गिरवलं, बालवाडीत वाळूत गिरवतात तसं. नऊ आणि एक यांच्या मधल्या खाचेत जुना पिवळा रंग अजून दिसतो, वरचा करडा. मी तिथं हात ठेवला तेव्हा वरून गाडी गेली आणि खांब थरथरला ते तळव्याला कळलं. माझ्या वडिलांच्या जन्माच्या आधीपासून हा खांब तेच काम करतो आहे.

वाईट काय, तर जिने. खालच्या फलाटावरून वर जायचं तर चढाव मोठा आहे. नात पायऱ्या मोजायला लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, “आजी, तू बस. मी तुझ्यासाठी थांबते.” मी बसले. गुडघेदुखी असणाऱ्यांनी इथं लाइन बदलू नये, सरळ व्हीटीला जाऊन हार्बर पकडावी, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. नातीला दहा द्यायचे होते, मला सात. आठवर जमलं.

सॅन्डहर्स्ट हे नाव १८९५ ते १९०० या काळातल्या गव्हर्नरचं. प्लेगनंतर ही वस्ती मोकळी करायला रुंद रस्ते काढले, त्यातल्या एकाला त्याचं नाव दिलं. राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये या स्टेशनाला डोंगरी, कॉटन ग्रीनला काळाचौकी, डॉकयार्ड रोडला माझगाव अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. मला हा निर्णय मनापासून आवडला. आम्ही घरी कधी “कॉटन ग्रीनला राहतो” म्हटलं नाही, काळाचौकीच म्हटलं. तसं बघितलं तर लोकांच्या तोंडातलं नाव पाटीवर येणार आहे.

डॉकयार्ड रोड टेकडीच्या अंगावर आहे. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला मोकळं आकाश आणि बंदर. इथल्या फलाटावरून माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात, नशीब असेल तर करड्या रंगाचं जहाजही दिसतं. आयएनएस निलगिरी ही भारतात बांधलेली पहिली मोठी लढाऊ फ्रिगेट, १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, ती इथेच बांधली. मुलांना घेऊन जायला याहून चांगलं स्टेशन मला ठाऊक नाही. वारा असतो, दुपारीही. हार्बरच्या गाड्या नऊ डब्यांच्या होत्या, २०१६ मध्ये बारा झाल्या, तेव्हा अशा टेकडीच्या कडेला फलाट लांबवणं सोपं गेलं नसणार. तो वाढवलेला भाग चालत जाऊन बघण्यासारखा आहे.

स्टेशनच्या बाहेरूनच वर चढलं की जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. पाण्याच्या टाकीच्या वर केलेली बाग. काका बाप्टिस्टा माझगावचे, टिळकांचे जवळचे सहकारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. म्हणजे खालून पहिली विजेची गाडी गेली त्याच साली. बागेतून रूळ वळताना दिसतात आणि गाडी खेळण्यातली वाटते. आम्ही डबा तिथेच खाल्ला, पोळी आणि लसणाची चटणी. चढ आहे, पण मध्ये थांबत थांबत जमतो. नऊ गुण, आणि बागेसाठी नातीनं वहीत वेगळा तारा काढला.

आता तक्रार. या आठांपैकी एका स्टेशनवर, नाव लिहीत नाही, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. खिडकीवर विचारलं तर चावी दुसऱ्या माणसाकडे. तो माणूस जेवायला गेलेला. दुपारचे दीड वाजलेले. बरोबर नऊ वर्षांची मुलगी. शेवटी पुढची गाडी पकडून पुढच्या स्टेशनला गेलो. मी नोकरीच्या एकतीस वर्षांत घरून निघताना पाणी प्यायले नाही, माझ्या बरोबरीच्या कुणीच प्यायल्या नाहीत. आम्ही डब्यात एकमेकींना सांगायचो, सकाळी चहा अर्धा कपच घे. नातीला ते शिकवायची माझी इच्छा नाही. ज्या स्टेशनात हे कुलूप उघडं असेल आणि आत पाणी असेल, त्याला मी डोळे झाकून पाच गुण देते, बाकी सगळं नंतर.

रे रोड. ज्याला जुनं बांधकाम आवडतं त्यानं फक्त हे एक स्टेशन बघितलं तरी चालेल. १९१० मध्ये कुर्ल्याहून आलेली लाइन इथेच संपायची. पुढं व्हीटीपर्यंत जायला आणखी पंधरा वर्षं लागली. त्यामुळे हे शेवटच्या स्टेशनासारखं बांधलंय, जाता जाता थांबायचं ठिकाण म्हणून नाही. काळ्या दगडाच्या भिंती, कमानी, छताला आधार देणाऱ्या लोखंडी नक्षीच्या कैच्या. दगडावर छिन्नीचे ठोके स्पष्ट दिसतात, तिरपे, एकाच्या शेजारी एक, कुणीतरी दिवसभर बसून मारलेले. नाव लॉर्ड रेवरून पडलं. तो १८८५ ते १८९० गव्हर्नर होता, जन्म मात्र हॉलंडमधला.

पूर्वेला दारूखाना. नाव बंदुकीच्या दारूवरून पडलं. इथे जुनी जहाजं फोडतात, आणि त्यातून निघालेल्या साखळ्या, दोर, पितळी दिवे, गोल खिडक्या रस्त्यावर विकायला असतात. फलाटावर डिझेलचा आणि गंजाचा वास येतो, तो इथला आहे, तो असायला हवा.

भायखळ्याचं स्टेशन कसं जुन्या फोटोंवरून, दगड न् दगड साफ करून, पुन्हा उभं केलं आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा पुरस्कार मिळवला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लोक आता भायखळ्याला मुद्दाम फोटो काढायला उतरतात. तेवढं प्रेम रे रोडच्या वाट्याला यावं असं मला फार वाटतं. रंगाऐवजी दगड धुवा, केबलींचे जुडगे कमानींवरून काढा, एवढ्यानेच हे स्टेशन श्वास घेईल. आठ गुण, आणि हे काम झालं तर मी परत येऊन दहा देईन.

कॉटन ग्रीन आम्ही मुद्दाम सोडलं. येताना उतरायचं ठरवलं होतं.

शिवडीला दोन तऱ्हेची माणसं उतरतात. एक, हातात डबा आणि औषधांची पिशवी घेतलेली, टीबी हॉस्पिटलात कुणाला तरी भेटायला निघालेली. दुसरी, गळ्यात दुर्बीण. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात. पूर्वेला जेट्टीपर्यंत जायचं, टॅक्सी मिळते. भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा. भरतीच्या पाण्यानं चिखल झाकला की पक्षी नसतात, ओहोटीत चिखल उघडा पडला की येतात. आता तिथूनच अटल सेतू सुरू होतो, २१.८ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. गुलाबी पक्षी आणि मागं तो एवढा थोरला पूल, हे दृश्य बघताना नात गप्प झाली, आणि ती सहसा गप्प होत नाही. स्टेशन स्वतः साधं आहे. फलाटावर झाडाची सावली मिळाली, चहा चांगला होता, आल्याचा. सात.

वडाळा रोडला लाइन फुटते. एक फाटा किंग्ज सर्कल, माहीमवरून गोरेगावकडे, दुसरा कुर्ला, वाशी, पनवेलकडे. नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो. इंडिकेटर वाचल्याशिवाय गाडीत पाय टाकू नका. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एक बाई “चेंबूरला जाते ना?” विचारत चढल्या आणि डब्यातल्या चार बायकांनी त्यांना एकदमच खाली उतरवलं. कुणी हाताला धरलं, कुणी पिशवी दिली. हार्बरच्या बायका अशाच आहेत. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण घोषणेचा आवाज स्पष्ट असता तर या बाई चढल्याच नसत्या. सात.

वडाळ्याचं विठ्ठलमंदिर चालण्याच्या अंतरावर आहे. प्रति पंढरपूर म्हणतात. आषाढीला रांग रस्त्याला लागते, शनिवारी दुपारी मात्र आम्ही दोघीच होतो.

परतताना कॉटन ग्रीन.

माझे वडील साताऱ्याकडचे, कापसाच्या गोदामात माथाडी. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर त्यांना पुस्तक मिळालं, रजा मिळाली, आईनं ते पुस्तक देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. कापसाचा बाजार आधी कोटात, म्हणजे फोर्टात होता, मग कुलाब्याला गेला, मग १९२० च्या दशकात इथे शिवडीच्या बाजूला आला, आणि मूळ जागेचं ‘ग्रीन’ हे नावही बरोबर आलं. हिरवट रंगाची कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे. गोदामंही आहेत, लांबच लांब, पण आता गाठी नाहीत.

वडील संध्याकाळी यायचे तेव्हा कॉलरच्या मागच्या शिवणीत कापूस अडकलेला असायचा. तो काढायचं काम माझं. चिमटीनं धरून ओढला की धाग्यासारखा लांब व्हायचा. मी तो जमवून बाहुलीची उशी केली होती. हे नातीला फलाटावरच्या बाकड्यावर बसून सांगितलं. शाळा सुटल्यावर मी वडिलांची वाट बघत इथेच बसायचे, त्या वेळी बाकडं लाकडी होतं, आता दगडी आहे, पण जागा तीच, पुलाच्या जिन्याजवळ, जिथे चारनंतर सावली येते.

आणि हे स्टेशन त्या दृष्टीनं खरंच चांगलं आहे. गर्दी बेताची, बसायला जागा आहे, कठडा हाताशी येतो. थांबणाऱ्या माणसाला इथे घाई केली जात नाही. नातीनं वही उघडून विचारलं, “आजी, किती?”

“तू सांग.”

तिनं कॉलर वळवून मागं हात नेला, शिवण चाचपली. मग आठ लिहिले. मी विचारलं, दोन का कापले? म्हणाली, “पाण्याचा नळ गळतोय, बघ ना.” खरंच गळत होता. आम्ही उठून तो घट्ट बंद केला, आणि तेवढ्यात व्हीटीची गाडी आली.